पीळ

आडनाव शिकलगार. पणजा तलवारींना धार द्यायचा,
आजा विळ्या-अडकित्त्यांना, अब्बा ऊसतोडीच्या कोयत्यांना.
माझ्या वाट्याला लेथ आली, विट्यात, मायणी रोडला,
आणि गेल्या दिवाळीपासून ही.

हारुगडे शेठनी आणली.
कोइमतुरात तीस वर्षं गलाई, लोकांचं सोनं आटवून आटवून
लिलावात घेतलं काय, तर चार टन लोखंड.
ट्रेलरवरून उतरवली तेव्हा मागावरची पोरं
खडखडाट सोडून रस्त्यावर आली. "रणगाडा!"
रणगाडा नव्हे रे, चाकं बघा. फेरेट. चिलखती गाडी.
ऐकतंय कोण.
बंदुकीच्या भोकात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं.
मी पाडलं नाही.
शेठना सांगितलं, सरकारी सील आहे.

मिलिमीटरचा पाना हिच्या बोल्टवर नुसता फिरतो,
लग्नातल्या लांबच्या पाहुण्यासारखा.
अब्बांच्या पेटीतले इंची पाने वीस वर्षांनी उजेडात आले.
ऑइल सील कोल्हापूरहून, एक बुश मीच गनमेटलची काढली,
तीनदा चुकून.
आत बसलं की गुडघे छातीशी,
स्टिअरिंग उलटं, रुसून पाठ केल्यागत.
पाच गियर पुढं, आणि पाचच्या पाच मागं.
ज्या वेगानं चाल करून जाल
त्याच वेगानं तोंड न फिरवता परत या.
एवढी सोय माझ्या तरी आयुष्यात कुणी ठेवली नाही.

चालू झाली. शेठनी नारळ फोडला.
खानापूरपर्यंत डांबरावरून गेली छान,
येताना जड. मग अडून बसली, रेड्यासारखी.
दोन महिने मी हिचं पोट उघडत होतो, शिवत होतो.
बेअरिंग ठीक. जॉइंट ठीक.
सगळं ठीक असताना काय दुखतं
ते शोधायला पाना नाही.

मग लेंगऱ्याचे दफादार आले, केरबा बाबर.
एक पाय ओढत गाडीभोवती फिरले,
म्हशीच्या पुठ्ठ्यावर ठेवावा तसा पत्र्यावर हात ठेवला.
"पक्क्या सडकेनं नेलीस?"
"व्हय."
"मग पीळ पडलाय. एका अंगाची दोन्ही चाकं एकाच दांड्याला जुंपल्यात.
वळणावर एकाला जास्त पळायचं, एकाला कमी.
मातीत घसरून मिटवून घेत्यात. डांबर काय सूट देत न्हाई,
समदं आत साठत जातं.
रान दाखव हिला."

भाळवणीच्या अलीकडं नांगरट होती. ते बांधावर उभे, मी आत.
"पेडल तळापतूर दाब! अर्धं दाबलंस तर उसळंल, नडगी फोडंल!"
आणि काठी चिलखतावर, ठण.
ढेकळांवरून हेलपाटत गेलो. पुढचं डावं चाक बांधावर चढलं,
मागचं अधांतरी.
तेवढ्यात खट्.
आतून कुणी बोटं मोडावीत तसं.
चाक हवेत आपोआप अर्धा वेढा फिरलं
आणि स्टिअरिंग माझ्या हातात
एकदम हलकं, मऊ.

चहा पिताना त्यांनी पाय लांब केला, गुडघा चोळला.
पंधरा ऑगस्टला शाळेत ह्या गुडघ्याला दरसाल हार पडतो.
गुरुजी सांगतात, सीमेवरची जखम.
"सीमा कुठली," दफादार म्हणाले. बशी खाली ठेवली.
"नगरला. ट्रेनिंगचा नववा दिवस. हेच पेडल."
थोडा वेळ नांगरटीकडं बघत राहिले.
"कुणी इचारलंच न्हाई रं. नुसते हार घालत गेले."

संध्याकाळी शेठ आले. गाडी चालवून बघितली,
दोनदा उगाच मागं घेतली.
"कुणी काढला बिघाड?"
दफादारांनी, म्हटलं.
"ते लढाईत जखमी झालेले?"
मी हाताचं ग्रीस पुसत होतो. ते निघता निघेना.
व्हय, म्हटलं, तेच.